दोन दरबार, एक साक्ष

कागदी सामान घेऊन दुकानदाराची माणसं आली, तेव्हा ग्योक-इंग आठ महिन्यांच्या बूनला पाठीशी बांधून दारात उभी होती आणि तेलाच्या दिव्यांवर नजर ठेवून होती. सात दिवे, सगळे जमिनीवर. त्यांच्यामधून बायका गोणपाटाचे सुतकी झगे फरफटत ये-जा करत होत्या. पाठीवरचं पोर झोपेत एक पाय झाडत होतं. तो पाय कुठल्या दिव्याच्या किती जवळ जातो, याचा हिशेब तिच्या डोक्यात सकाळपासून चालू होता. बाकी कशाचा विचार करायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं.

मधल्या दिराला, होक-तिएनला, जाऊन आज एकोणपन्नास दिवस झाले. दर सातव्या दिवशी एक विधी, असे सहा झाले होते. आजचा सातवा, शेवटचा. आज दुपारी कागदाचं घर, कागदाचे कपडे, कागदाची माणसं जाळायची. ती त्याला तिकडे मिळतात. मग तो इथला उरत नाही.

घर दोन मजली होतं, खिडक्यांना हिरवा रंग. दोन दासी, एक पेटी, सोनेरी कागदाच्या लगडींची टोपली. आणि शेवटी दोघांनी मिळून आत आणली ती रिक्षा. दोन हात लांब, माणसानं ओढायची. टप उघडत-मिटत होता, चाकांना आऱ्या होत्या, गादीला लाल काठ होता. मागे नंबराची पाटीसुद्धा. ती अंगणात ठेवली तेव्हा दांडे पुढं जमिनीला टेकले. दांड्यांच्या मध्ये कुणीच नव्हतं.

तिएनची आई खुर्चीतून उठली आणि तिनं ओढणारा कुठं आहे म्हणून विचारलं. दुकानदाराचा माणूस म्हणाला, सांगितला नव्हता. वेगळा करावा लागतो, संध्याकाळपर्यंत होईल. तेवढा वेळ कुणाकडे नव्हता. थोरला मुलगा होक-सेंग म्हणाला की राहू दे, पाठवण्यामागची भावना महत्त्वाची. तो अठरा रिक्षांचा मालक होता, हा गाडीखाना त्याचा होता, आजचं सगळं त्यानंच मांडलं होतं. त्याच्या बोलण्यावर सहसा कुणी बोलत नसे.

"नकोच ओढणारा," लान-हुआ म्हणाली. तिएनची बायको. सकाळपासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. "तिथं तरी कुणी कुणाला ओढायला नको."

"आणि दांडे असे मोकळे?" आई म्हणाली. "अगं, तो बघेल ना. वीस वर्षांची सवय. मोकळे दांडे दिसले की जाऊन उभा राहील. मी माझ्या पोराला तिथंही जुंपू होय?"

थोरली सून बी-चू लगडी घडी करत होती. मान वर न करता ती म्हणाली, त्यापेक्षा मोटारच करायची होती. कुणी हसलं नाही. मोटारीनंच तर तिएनला मारलं होतं. आपण काय बोलून गेलो ते बी-चूच्याही ध्यानात आलं असावं, कारण ती लगड तिनं तीनदा मोडली.

आईनं कात्री मागवली. गुडघ्यावर हात रोवून खाली बसली आणि दोन्ही दांडे मुळापासून कापले. दांडे तिनं चुलीत घातले, जाळायच्या सामानात नाही. "आता बसेल," ती म्हणाली, आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसली.

*

होक-सेंगला आजचा दिवस सुरळीत पार पाडायचा होता, बस. गेल्या एकोणपन्नास दिवसांत त्यानं कसर ठेवली नव्हती. चांगली शवपेटी. चीनमधल्या आपल्याच फुचिंग गावचे गुरुजी. पहाटेची पाळी आटोपून आलेले आणि दुपारच्या पाळीला निघणारे, अठरा गाड्या आळीपाळीनं ओढणारे साठजण आज इथंच जेवणार होते. व्हरांड्यात ते रांगेनं उकिडवे बसले होते, पाळीवर गळ्यात अडकवून न्यायला मधे भोक असलेल्या पावांची दोऱ्यात माळ ओवत होते, आपसात हळू बोलत होते. रस्त्यावरून खारे मासे विकणारा आरोळी देत आला, दारावरचा पांढरा कागद बघून गप्प झाला आणि पुढं वळणावर जाऊन पुन्हा ओरडला.

डावा खांदा ठसठसत होता. हात अजून छातीच्या वर उचलत नव्हता. गाडी तिएनच्या अंगावरून उचलताना भरला, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं.

गुरुजींनी शाई घोटली, पिवळा कागद पसरला. हा अर्ज तिकडच्या न्यायाधीशांच्या नावे असतो. मेलेल्याचं नाव, गाव, जन्माची घटका, मागं राहिलेल्यांची नावं. सगळं लिहून झालं. मग गुरुजींनी कुंचला थांबवला आणि मरणाचं कारण विचारलं.

होक-सेंग म्हणाला, अपघात.

कुणाच्या हातून, असं गुरुजींनी विचारलं. हे पहिल्याच दरवाजाशी विचारतात. तिथं तिएन स्वतः काय ते सांगेल. त्याचं सांगणं आणि हा कागद जुळला नाही तर त्याला दरवाजाशीच बसवून ठेवतात. किती दिवस, ते कुणी सांगू शकत नाही.

"नशीब लिहा," होक-सेंग म्हणाला.

गुरुजींनी कुंचला खाली ठेवला. "नशिबाला तिथं कुणी ओळखत नाही. माणसाचं नाव लागतं."

"गोऱ्यानं मोटार घातली अंगावर," लान-हुआ जमिनीवरून म्हणाली. तिच्या मांडीवर सहा वर्षांची सिऊ-लिन डोकं ठेवून पडली होती. "मागून घातली. लिहा."

होक-सेंगनं बायकोकडे नजर टाकली. गप्प बस, असं त्या नजरेत होतं. पण बी-चूला नजरा वाचायची सवय नव्हती. तिला गेला दीड महिना झोप नव्हती. रिक्षा-कचेरीची माणसं कधी येतील आणि गाड्यांच्या परवान्याच्या पाट्या काढून नेतील, या एकाच धास्तीत ती दिवस काढत होती. त्यात आज हा खर्च, आणि वर ही सारखी गोऱ्याचं नाव घेते, साठ माणसांच्या देखत.

"तू होतीस का गं तिथं?" बी-चू म्हणाली. "उगाच गोऱ्यानं घातली, गोऱ्यानं घातली. कोर्टात काय ठरलं ते ठरलं. अफूच्या तंद्रीत माणूस आडवा पळाला तर गोऱ्यानं तरी काय करावं?"

व्हरांड्यात पाव ओवणारे हात थांबले.

*

ग्योक-इंगला वाटलं, आता आपल्या पाठीवरचं पोर रडेल तर बरं. बून झोपलेलाच राहिला.

लान-हुआनं मुलीचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. कोर्टात काय ठरलं, असं तिनं होक-सेंगला विचारलं. तुम्ही तर म्हणालात, फक्त नाव आणि वय विचारलं. होक-सेंग म्हणाला, बी-चूचं डोकं ठिकाणावर नाही, तिला काही कळत नाही. मग बी-चू रडायला लागली आणि म्हणाली, मला कळत नाही तर मग मला कुणी सांगितलं.

आणि मग लान-हुआ वळून ग्योक-इंगकडे बघायला लागली. साऱ्या घरात इंग्रजी वाचणारी ती एकटी. मिशनच्या शाळेतून सगळ्या परीक्षा दिलेली, पुढं कॉलेजचं एक वर्ष केलेली. धाकट्या होक-मिंगशी लग्न झालं तेव्हा सगळ्या गल्लीनं तोंडात बोटं घातली होती.

होक-मिंग खांबाशी उभा होता. त्यानं मान अगदी थोडी हलवली. नको. ती मान एकोणीस दिवसांपूर्वीसुद्धा अशीच हलली होती. तो गोदामात कारकून होता. तिथली जुनी इंग्रजी वर्तमानपत्रं बाळाच्या गादीखाली घालायला आणायचा. पसरायच्या आधी ती ओळ न् ओळ वाचायची, इंग्रजी विसरू नये म्हणून. त्यातच ती चार ओळींची बातमी सापडली. आपण राहतो त्या वरच्या दोन खोल्या दादांच्या आहेत, तो म्हणाला होता. बोललीस तर कालव्याकडची ओली खोली देतील. पोराची छाती आधीच घरघरते. तिनं तो तुकडा घडी करून गादीखाली ठेवला. रोज पोराला त्यावर झोपवलं.

"वाचलंयस तू काहीतरी," लान-हुआ म्हणाली.

ग्योक-इंग वर गेली, कागद घेऊन खाली आली. आधी मनातल्या मनात एकदा वाचला, मग घरच्या बोलीत सांगितला. चारच ओळी होत्या. अमुक नंबरची रिक्षा पुलाजवळ अचानक मोटारीच्या वाटेत आली. ओढणारा अफूबाज होता, अशी साक्ष त्याच्या भावानं दिली. गाडी रिकामी होती, भाऊ मागून चालत होता. मोटार चालवणाऱ्या सद्गृहस्थांचा दोष नाही. झालेल्या मनस्तापाबद्दल न्यायाधीशांनी त्यांना सहानुभूती दाखवली.

"नाव?" आईनं विचारलं.

"कुणाचं?"

"माझ्या मुलाचं."

ग्योक-इंगनं पुन्हा बघितलं, जणू गेल्या एकोणीस दिवसांत नजरचूक झाली असेल. "नाही, आई. गाडीचा नंबर आहे. नाव नाही."

लान-हुआनं कधीपासून माहीत होतं ते विचारलं. ग्योक-इंगनं खरं सांगितलं. लान-हुआनं मान डोलावली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "एवढं शिकून," ती म्हणाली, "तू हे केलंस."

यावर सांगण्यासारखं ग्योक-इंगकडे बरंच काही होतं. पोराची छाती, कालव्याची ओल, नवऱ्याचा शब्द. सगळं खरं होतं. तिनं कागद पुन्हा घडी केला. तिला राग आला होता, पण तो नेमका कुणावरचा आहे ते तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

"अफू," लान-हुआ म्हणाली आणि व्हरांड्याकडे वळली. तिथं बसलेले एकजात खाली बघत होते. "घ्यायचे. गुडघे सुजले की घ्यायचे. इथला कोण घेत नाही ते सांगा. आणि कुठून आणता? सरकारी दुकानातून. सरकारची गजांची खिडकी, सरकारची पुडी, वर सरकारचा शिक्का. विकायची त्यांनीच आणि माणूस मेला की अफूबाज म्हणून लिहायचं, तेही त्यांनीच. त्या दिवशी मात्र घेतली नव्हती. कचेरीत तपासणी होती म्हणून आदल्या दिवसापासून घेतली नव्हती. मी रात्रभर गुडघ्यांना आलं चोळत होते. दादा, तुम्हाला माहीत होतं ते. तुमच्यासमोर पहाटे चहा प्यायले ते."

*

सगळे आपल्याकडे बघतायत हे होक-सेंगला कळत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला ते नको होतं. मग तो बोलला, आणि बराच वेळ बोलला.

कोर्टाच्या आदल्या दिवशी दोन माणसं आली होती. एक रिक्षा-कचेरीचा कारकून, एक त्या मोटारवाल्याच्या वकिलाकडचा. दोघंही सभ्यपणे बोलले. पैशाचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर मी हाकलून दिलं असतं, तो म्हणाला, आणि ते कदाचित खरंही होतं. ते एवढंच म्हणाले की या महिन्यात अठरा पाट्यांचं नूतनीकरण आहे. शहरात मोटारी वाढल्यात, रिक्षा कमी करायच्याच आहेत, कुणाच्या कमी करायच्या ते अजून ठरलेलं नाही. आणि मेलेला माणूस काही परत येत नाही. कोर्टातला दुभाषा आपल्या बोलीचा नव्हता, घाईत होता. मी अर्धं वाक्य बोललो, बाकीचं त्यानं पुरं केलं. गोऱ्यांच्या कोर्टात आपल्या माणसाचं काय चालतं? सांगून काय झालं असतं? तो सुटणारच होता. आपल्या पाट्या मात्र गेल्या असत्या. मी साठ माणसांचा विचार केला.

"तू साठांचा विचार केलास," आई म्हणाली. "बरं केलंस. आता एकाचा कर. हा कागद गोऱ्यांच्या कोर्टात जात नाही ना? मग यात खरं लिही. काय झालं ते पहिल्यापासून सांग, गुरुजी लिहितील, खाली अंगठा दे. माझा मुलगा दरवाजाशी बसून राहायला नको."

होक-सेंगला हायसं वाटलं. हे करता येण्यासारखं होतं. इथं कुणाच्या पाट्या नव्हत्या, कारकून नव्हता. तासाभरात कागदाची राख होणार होती. त्यानं स्टूल ओढलं, गुरुजींजवळ बसला आणि सांगायला लागला. एकदा सुरुवात केल्यावर त्याला थांबवेना. सात आठवडे त्यानं ते आत दाबून ठेवलं होतं.

सकाळचे नऊ वाजून गेले होते. पुलाच्या पलीकडे रस्ता अरुंद होतो, तिथं बर्फाची गाडी उभी होती. तिएन डाव्या कडेनं, अगदी गटाराला लागून. सरळ. हात जाईल एवढीसुद्धा जागा त्यानं सोडली नव्हती. मोटार मागून आली, भोंगा वाजवला नाही. गोरा स्वतः चालवत होता, नंतर खाली उतरला तेव्हा त्याच्या तोंडाला सकाळच्या वेळी दारूचा वास येत होता. आधी तिएनला कळलं. पळणाऱ्याला मागचं आधी कळतं, पाठीला कळतं. त्यानं मान वळवली आणि म्हणाला, दादा, घट्ट धर.

गुरुजींचा कुंचला चालत होता. होक-सेंग पुढं बोलणार होता.

"तुम्ही मागून चालत होतात ना?" लान-हुआनं विचारलं. "मग काय घट्ट धरायचं होतं?"

*

व्हरांड्यातल्या साठ माणसांना कळायला क्षणही लागला नाही. ग्योक-इंगनं ते त्यांच्या चेहऱ्यांवर आधी पाहिलं, मग तिला कळलं.

या धंद्यात पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. अंगावर काही आलं की दांडे टाकायचे आणि बाजूला उडी मारायची. गाडी गेली तर जाऊ दे. पण गाडीत माणूस बसलेला असेल तर दांडे टाकायचे नाहीत. टाकले की गाडी मागं उलटते, बसलेल्याचं डोकं रस्त्यावर फुटतं. माणूस बसलेला असला की काहीही झालं तरी दांडे हातात.

तिएन डाव्या कडेला होता. शेजारी गटार होतं, कमरेएवढं, कोरडं. रिकामी गाडी असती तर तो त्या गटारात उडी मारून वाचला असता.

"त्यांनी सोडले नाहीत," लान-हुआ म्हणाली.

होक-सेंगनं डोळे मिटले होते. तिएनच म्हणाला, गाडीत बस, असं तो सांगायला लागला. पुलापर्यंत मी चालतच होतो. रिकामी गाडी उडते रे दादा, बस, असं तोच म्हणाला. कचेरीशी सगळे मालक बसून येतात. मी एकटा आपल्याच गाडीमागून धुळीत चालत जातो, लोक हसतात. मला वाटलं, एवढ्या एका दिवशी. पुलापासून कचेरीपर्यंत. पाव मैलसुद्धा नाही.

आईच्या खुर्चीचा पाय करकरला. ती उठली नव्हती, पुढं वाकली होती. "तुझा बाप एकोणीस वर्षं दांड्यात होता," ती म्हणाली. "चार गाड्यांचा मालक झाला. शेवटच्या आजारात दवाखान्यात न्यायचा होता, तेव्हा तुम्ही दोघांनी गाडी दाराशी आणली. काय म्हणाला तो?"

होक-मिंगनं खांबाशी उभ्या उभ्या उत्तर दिलं. "आपल्या पोटच्याच्या मागं बसत नाही, म्हणाले. तुमच्या खांद्यावर हात ठेवून चालत गेले."

"ते लिहू का?" गुरुजींनी हळूच विचारलं. लान-हुआ म्हणाली, सगळं लिहा. गाडी रिकामी नव्हती, तेही. कोण बसलं होतं, तेही. गुरुजींनी लिहिलं, वाचून दाखवलं. होक-सेंगनं उजवा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकला. ठसा जरा पसरला, पण रेषा उमटल्या.

दुपारचा दीड वाजला होता. अंगणात पत्र्याचं पिंप पेटवलं. घर, दासी, पेटी, बिनदांड्याची रिक्षा, एकेक करून आत गेलं. कागद पेटताना वर उचलला जातो. ग्योक-इंग बूनला घेऊन दहा पावलं मागं सरकली, मग आणखी पाच. शेवटी गुरुजींनी अर्ज हातात घेतला. तो सगळ्यांत शेवटी जातो.

लान-हुआनं त्यांचं मनगट धरलं.

ती म्हणाली, हा जाळू नका. गुरुजी म्हणाले, जाळला नाही तर पोचणार कसा?

"तिकडं पोचायची गरज नाही," लान-हुआ म्हणाली. "तिकडं ते स्वतः आहेत, सांगतील. नदीपलीकडच्या गोऱ्यांच्या कोर्टाला माहीत नाहीये. हा तिथं जाईल."

तिनं कागद गुरुजींच्या हातातून घेतला. ओढला नाही, घेतला. गुरुजींनीही सोडला.

होक-सेंग उठला. हे ठरलं नव्हतं, तो म्हणाला. हे मी देवाच्या दरबारासाठी सांगितलं, घरात सांगितलं, आईनं सांगितलं म्हणून सांगितलं. तो कागद दे. लान-हुआनं दिला नाही. मग तो ओरडला नाही, उलट फार समजुतीनं बोलायला लागला. ग्योक-इंगला त्या समजुतीचीच चीड आली. हाच आवाज असणार तो, तिला वाटलं. कोर्टाच्या आदल्या दिवशी आलेल्या त्या दोन सभ्य माणसांचा. साठ माणसं आहेत, त्यांच्या गावाकडं त्यांची घरं आहेत, तुझ्या रागापायी त्यांना उघड्यावर आणणार का?

"आमचं नाव कशाला घेता, मालक," व्हरांड्यातून म्हातारा लाऊ म्हणाला. बापाच्या वेळचा, सगळ्यांत जुना ओढणारा. तो बसूनच बोलला. "पाट्या गेल्या तर दुसऱ्याच्या गाड्या ओढू. ओढायचंच तर आहे."

बाकीच्यांत कुणी त्याला गप्प केलं नाही.

"मला आत टाकतील," होक-सेंग म्हणाला. आता त्याचा आवाज खरा होता. "शपथेवर खोटं बोललो. तो गोरा सुटेल तो सुटेलच. आत जाईन तो मी. एवढं कळतंय ना तुला?"

"कळतंय," लान-हुआ म्हणाली.

"आणि तरी?"

"माझी पोर मोठी होईल, दादा. हिच्यासारखी वाचायला शिकेल." तिनं ग्योक-इंगकडे बोट दाखवलं नाही, नुसतं बघितलं. "त्या पेपरात तिच्या बापाचं काय सापडेल तिला? अफूबाज आडवा पळाला. त्यानं दांडे सोडले नाहीत, हे कुठं सापडेल?"

बी-चू नवऱ्याचा दंड धरून उभी राहिली. ती पहिल्यांदा लान-हुआशी नीट बोलली, हात जोडून बोलली. तिची दोन मुलं आहेत, ती कुठं जातील. लान-हुआनं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, तुझी मुलं माझ्याही घरात जेवतील. पण कागद तिनं खाली ठेवला नाही. आणि चिनी लिपीतला कागद नदीपलीकडं कुणी वाचणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. ती ग्योक-इंगसमोर येऊन उभी राहिली.

ग्योक-इंगनं आधी पिंपाकडे बघितलं, मग दिव्यांकडे, मग वरच्या खोलीच्या खिडकीकडे. ओल्या खोलीत पोराला किती दिवसांत खोकला होईल, तो छातीत कधी उतरेल, डॉक्टरकडं न्यायचं तर वाटेत हाच पूल लागतो. तिनं हे सगळं पुन्हा एकदा मोजून पाहिलं. एकोणीस दिवस ती हेच मोजत होती. मग पाठीवरची गाठ कुणीतरी सोडतंय असं तिला जाणवलं.

होक-मिंग होता. त्यानं झोपलेल्या बूनला अलगद उचलून खांद्यावर घेतलं, मानेखाली हात ठेवला. पोराला घेताना तो नेहमी मान विसरायचा, आणि ती नेहमी त्याला टोकायची. आज विसरला नाही.

"कोर्टाची कचेरी चारला बंद होते," तो म्हणाला. "लिहायला टाक माझ्या कोटाच्या खिशात आहे."

ती गुरुजींच्या स्टुलावर बसली. गुरुजींनी आपलं सामान बाजूला घेतलं, शाई तेवढी ठेवली. पाठ एकदम हलकी झाली होती, उघडी पडल्यासारखी. तिनं कोऱ्या कागदावर इंग्रजीत तारीख घातली. त्याखाली तिएनचं पूर्ण नाव लिहिलं, घराण्याचं नाव आधी. मग थोरल्या दिराकडे बघितलं. आजवर ती त्याच्याशी मान खाली घालून बोलायची.

"भाऊजी," ती म्हणाली, "ते साक्ष तुमच्या तोंडची मागतील. त्या कागदावरून उतरवून चालणार नाही. पहिल्यापासून सांगा."

होक-सेंगनं आईकडे बघितलं. पन्नाशीला आलेला माणूस, अठरा रिक्षांचा मालक, आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर फक्त एवढंच होतं की ही नको म्हणाली तर मी सुटलो.

आईकडे आता दोनच मुलगे होते आणि त्यांतला एक ती आज देत होती, हे अंगणातल्या प्रत्येकाला दिसत होतं. म्हणून कुणी तिला घाई केली नाही.

"सांग," ती म्हणाली. "मी येईन तुला जेवण घेऊन. रोज येईन, सेंग. चालत येईन."

होक-सेंग स्टुलापाशी जमिनीवर बसला, ओढणारे बसतात तसा, उकिडवा. दुखरा हात त्यानं मांडीवर घेतला.

"मी गाडीत बसलो होतो," तो म्हणाला.

ग्योक-इंगनं ते लिहिलं आणि पुढच्या शब्दासाठी टाक शाईत बुडवला.